हातचा एक

"बावन्नातून सत्तावीस गेले, राहिले किती?" मुजावर साहेबांनी विचारलं. माझ्या तिसरीतल्या इंदू बोरगेनं पाटीवर झरझर आकडे मांडले, पाटी छातीशी धरून उभी राहिली आणि ठणकावून म्हणाली, "पंधरा."

मला हसूच आलं. घाई केली पोरीनं, असं वाटलं. साहेबही हसले आणि सगळ्यांना पाट्या वर करायला सांगितल्या. एकतीस पाट्या वर झाल्या. साहेब मधल्या वाटेनं चष्मा वरखाली करत एकेक पाटी वाचत गेले आणि परत आले तेव्हा त्यांचं हसू मावळलं होतं. एकोणीस पाट्यांवर पंधरा होते.

"बाई, पोरांनी वेगवेगळ्या चुका केल्या असत्या तर मी काही बोललो नसतो," ते हळू आवाजात म्हणाले. "एकोणीस पोरांची एकच चूक कशी होते?"

त्यांनी दुसरं गणित घातलं, त्र्याऐंशीतून शेहेचाळीस. यायला हवेत सदतीस, एकोणीस पाट्यांवर आले सत्तावीस. तिसरं घातलं, एकाहत्तरातून अडतीस. तेहतिसाऐवजी तेवीस. दर खेपेला नेमके दहा कमी. आणि गंमत बघा, चुकणाऱ्यांत माझी सगळी हुशार पोरं होती, पहिल्या दोन ओळींत माझ्या तोंडाकडं टक लावून बसणारी. खिडकीतून बाहेरच्या शेळ्या मोजत बसणाऱ्या मागच्या मंडळींची उत्तरं मात्र बरोबर होती. साहेबांच्या हे ध्यानात आलं, माझ्याही आलं. त्याचा अर्थ काही आम्हा दोघांनाही लागला नाही.

ह्या गोष्टीला तीस वर्षं होऊन गेली. वाडीचं नाव मी सांगत नाही. तिथली ती पोरं आता मोठी झालीत आणि मला अजून फोन करून दटावतात, तेव्हा नसत्या भानगडीत पडायला नको. कोयनेच्या खोऱ्यातली वाडी, एस्टी खाली नदीपाशी सोडायची आणि तिथून पाऊण तास चढ. शाळा दोन शिक्षकी. पहिली-दुसरी जंगम गुरुजींकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं. मधे पत्र्याचं एक पार्टिशन, ते असून नसल्यासारखं. गुरुजी शिंकले की माझा वर्ग हसायचा.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. कऱ्हाडात वाढलेली, डी.एड.ला जिल्ह्यात तिसरी आलेली, त्यामुळं डोक्यात थोडी हवा होतीच. त्या जूनमध्ये नवा अभ्यासक्रम आला, नवी पुस्तकं आली, आणि माझ्या डोक्यातली हवा आणखी वाढली. तालुक्याला दर महिन्याला पाच-पाच दिवसांची प्रशिक्षणं असायची. इतर शिक्षक तिथं चहाची वाट बघत बसायचे आणि मी पहिल्या बाकावर वही उघडून. गणित समजून शिकवा, घोकून नको, असं तिथं सांगत. मला ते मनापासून पटलं होतं, आजही पटतं. चार खराटे मोडून मी काड्या केल्या, दहा-दहाच्या जुड्या बांधल्या, वर्गात दोरीवर टांगल्या. फेब्रुवारीत मला तालुक्याची प्रशिक्षक म्हणून नेमायचं जवळपास ठरलं होतं. मुजावर साहेब आमच्या भागाचे विस्तार अधिकारी, त्यांनीच माझं नाव सुचवलं होतं आणि त्यासाठीच ते त्या दिवशी माझा वर्ग बघायला आले होते. आणि मी अशी तोंडघशी पडलेली.

चूक कशी होते आहे ते मात्र मी लगेच शोधलं. मी इंदूची पाटी घेतली आणि तिच्याकडून ते गणित पुन्हा करून घेतलं. आमच्या लहानपणी वजाबाकी हातच्याची असायची. दोनातून सात जात नाहीत, मग हातचा घ्यायचा, बारातून सात गेले पाच. तो हातचा एक खालच्या दोनात मिळवायचा, झाले तीन. पाचातून तीन गेले दोन, उत्तर पंचवीस. उत्तर बरोबर येतं, पण का येतं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. नव्या पद्धतीत वरच्या पाच दशकांतला एक दशक मोकळा करायचा, म्हणजे जुडी सोडायची. पाच खोडून चार करायचे. बारातून सात गेले पाच, चारातून दोन गेले दोन. उत्तर तेच, पंचवीस, पण काड्या हातात घेऊन पोराला दिसतं काय झालं ते. इंदूनं काय केलं? वरच्या पाचाचे चार केले आणि खालच्या दोनाचे तीनही केले. नवी पद्धत आणि जुनी पद्धत, दोन्ही एकाच गणितात. दहा कमी येणार नाहीत तर काय होईल?

मी हे साहेबांना समजावून सांगितलं. त्यांना ते चटकन कळलं, हुशार माणूस.

"मग जुनी पद्धत ह्यांना शिकवतं कोण?" त्यांनी विचारलं.

मी फक्त पार्टिशनकडं पाहिलं. पलीकडून जंगम गुरुजींचा खर्जातला आवाज येत होता, पोरांकडून बाराचा पाढा म्हणून घेत होते. साहेबांनी माझी नजर कुठं गेली ते पाहिलं. पुढं त्यांनी खोदून विचारल्यावर मी म्हटलं, मी प्रशिक्षणाला जाते तेव्हा चारी वर्ग गुरुजींकडं असतात. ह्यात खोटं काहीच नव्हतं.

जंगम गुरुजींबद्दल सांगायला हवं. शंकरलिंग जंगम, उंच, शिडशिडीत, कपाळावर भस्माची तीन बोटं, धुवट पांढरी टोपी. छत्तीस वर्षं नोकरी झालेली, मे महिन्यात निवृत्त व्हायचे होते. स्वभाव तिरसट. माझ्या काड्यांच्या जुड्या बघून पहिल्या दिवशी म्हणाले होते, "बाई, झाडायला काय ठेवलंय का शाळेत?" नवी पुस्तकं आली तेव्हा त्यांनी ती चाळली, बाजूला ठेवली आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण त्यांना एका गोष्टीचा फार मोठा अभिमान होता. छत्तीस वर्षांत त्यांच्या सेवापुस्तकात तांबड्या शाईची एक ओळ नव्हती. ठपका नाही, ताकीद नाही, उशिरा आल्याची नोंदसुद्धा नाही. वाडीत कुणाकडं बारसं असो की बारावं, गुरुजी हे सांगितल्याशिवाय उठत नसत. लोक पाठीमागं हसायचे, मीही हसायचे. तसंच कोरं सेवापुस्तक मिटून घरी जायचं, एवढी एकच इच्छा त्या माणसाची उरली होती.

साहेब पार्टिशनच्या पलीकडं गेले. मीही मागून गेले. चारी वर्गांची पोरं कान टवकारून बसलेली.

"गुरुजी, हातचा अजून चालूच आहे का तुमचा?" साहेबांनी पोरांसमोरच विचारलं.

गुरुजी उभे राहिले. "नाही साहेब. जूनपासून सोडला."

"मग तिसरीची पोरं कुठून शिकली?"

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं, आणि टोपी सारखी केली.  साहेबांनी सांगितलं, आठ दिवसांत लेखी खुलासा द्या, नाहीतर मला शेरा मारावा लागेल. आदेश असूनही जुन्या पद्धतीनं शिकवल्याचा शेरा. खुलाशात कबुली आली तरी शेरा येणारच होता, फक्त त्याची भाषा सौम्य झाली असती. गुरुजी "बरं" म्हणाले आणि खाली बसले. 

मला वाईट वाटलं का? खरं सांगते, थोडंसं वाटलं, आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. मी काही केलं नव्हतं, माझी पोरं कुणीतरी बिघडवत होतं आणि ते सापडलं होतं. जाताना साहेब म्हणालेही, तुमच्या नेमणुकीवर ह्याचा परिणाम होऊ देणार नाही. त्या रात्री मी छान झोपले.

चार दिवसांनी मधल्या सुट्टीत गुरुजी माझ्या वर्गात आले. असे ते कधी येत नसत. पोरांच्या बाकावर अवघडून बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. खुलाशाचा कागद हातात होता, कोरा.

"बाई, एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "तुम्ही मला ऐकलंय का? हातचा म्हणताना?"

मी हातातली वही मिटली.

"म्हणजे असं आहे," ते सांगू लागले, "मी माझ्या मनानं तरी सोडलाय. पण छत्तीस वर्षांची जीभ आहे. कधी घसरली असेल, मला कळलं नसेल. पोरांना मी सांगून ठेवलंय की गुरुजी हातचा म्हणाले तर लगेच सांगा. अजून एकानंही सांगितलं नाही. पण पोरं भितात मला, ती कसली सांगतायत. तुम्ही पलीकडंच असता. तुम्ही ऐकलं असलं तर सांगा, मी तसं लिहून देतो. खोटं लिहायचं नाही मला."

मी ऐकलं होतं का? नव्हतं. दिवसभर माझाच आवाज एवढा लागलेला असायचा की पलीकडचं काय ऐकणार. पण माझी खात्री होती. दुसरं कोण असणार? उगीच घोळ घालत बसण्यापेक्षा एकदाचं मिटू दे, असं मला वाटलं.

"ऐकलंय, गुरुजी," मी म्हटलं. "एकदोनदा."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत, वाद घातला नाही. "वाटलंच मला," एवढंच म्हणाले, टोपी घातली आणि गेले. संध्याकाळी शाळा सुटायच्या आत त्यांनी त्या कागदावर लिहिलं, "अनवधानाने माझ्याकडून जुन्या पद्धतीचा उच्चार झाला आहे, त्याबद्दल दिलगीर आहे." अक्षर मोत्यासारखं. मला वाचायला दिला. मी वाचला आणि छान झालाय म्हणून परत दिला. हो, छान झालाय असंच म्हटलं मी.

सोमवारी गुरुजी रजा टाकून तो कागद स्वतः तालुक्याला द्यायला गेले. पोस्टावर त्यांचा भरवसा नव्हता. चारी वर्ग माझ्याकडं आले. मी ठरवलंच होतं की आज ह्या हातच्याचा पुरता निकाल लावायचा. पोरांना ओळीत बसवलं, इंदूला फळ्यापाशी उभं केलं आणि तेच गणित घातलं, बावन्नातून सत्तावीस. मोठ्यानं म्हणत सोडव, असं सांगितलं.

तिनं पाच खोडून वर चार लिहिले. "दशक मोकळा केला. बारातून सात गेले पाच," असं म्हणून पाच मांडले. आणि मग त्याच सुरात, श्वास न घेता, "हातचा एक," म्हणाली आणि खालच्या दोनाचे तीन केले.

"थांब," मी म्हटलं. "हा हातचा तुला कुणी शिकवला?"

मला तिच्या तोंडून गुरुजींचं नाव यायला हवं होतं. सगळ्यांसमोर यायला हवं होतं.

इंदू गोंधळली. "तुमीच म्हणता की बाई."

"मी कधी म्हणते?"

"रोज म्हणता."

मी वर्गाकडं पाहिलं. पहिली ओळ माना हलवत होती. मी म्हटलं, खोटं बोलू नका. त्यावर पहिल्या ओळीतली अनुसया कदम, जी कधी तोंड उघडत नसे, ती म्हणाली, "हळू म्हणता, बाई. लिहिताना. आमच्याकडं पाठ करून."

मला राग आला. मी खडू घेतला आणि म्हटलं, बघा, आता मी सोडवते, नीट ऐका, मी म्हणते का ते सांगा. एक गणित सोडवलं. काही नाही. दुसरं सोडवलं. काही नाही. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मला जोर आला आणि तिसरं मी भरभर घातलं, चौऱ्याहत्तरातून एकोणपन्नास. सात खोडले, सहा केले, चौदातून नऊ गेले पाच, हात खाली पाच मांडत होता आणि तोंडानं, माझ्या कानांनी मी ऐकलं, पुटपुटल्यासारखं, लहानपणी आईजवळ चुलीपाशी बसून घोकलेल्या त्याच चालीत, "हातचा एक."

वर्गात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

म्हणजे हात नवी पद्धत करत होता आणि जीभ जुनी. मी हातचा फक्त म्हणत होते, मिळवत नव्हते. फळ्यावर उत्तर बरोबरच यायचं, म्हणून मला कधी कळलं नाही. पण जी पोरं माझा शब्द न् शब्द झेलत होती, ती बाई म्हणतायत तर करायलाच हवं म्हणून तो एक प्रामाणिकपणे खाली मिळवत होती. शेळ्या मोजणारी पोरं ऐकत नव्हती म्हणून वाचली.

 तरीही मी एक शेवटची काडी धरली. इंदूला विचारलं, मी प्रशिक्षणाला गेले की गुरुजी तुम्हाला वजाबाकी कशी शिकवतात?

"शिकवतच न्हाईत," ती म्हणाली. "बाई आल्या की बाईच शिकवतील, मी शिकवलं तर घोटाळा हुईल, म्हणत्यात. नुसतं पाढं म्हणून घेत्यात."

मी पार्टिशनच्या पलीकडं गेले. गुरुजींची दुसरी, सव्वीस पोरं. त्यांना तीन वजाबाक्या घातल्या. सव्वीस पाट्या मी एकेक करून वाचल्या. दोघा-तिघांच्या किरकोळ चुका होत्या, कुणाचा नऊ उलटा, कुणाचा आकडा राहिलेला. दहा कमी एकाचंही नव्हतं. मग मी त्यांना विचारलं, गुरुजी कधी हातचा म्हणतात का. आधी कुणी बोलेना. मी म्हटलं, गुरुजींनीच विचारायला सांगितलंय, रागावणार नाहीत. तरी सगळ्यांच्या माना नाही म्हणूनच हलल्या. एक चिमुरडी म्हणाली, "आमी म्हटलं तर दहा उठबशा हायत."

 पोरांना मैदानात सोडलं आणि रिकाम्या वर्गात बसून रडले. लाज वाटली, फार लाज वाटली. चुकीची तितकी नाही, चूक कुणाचीही होते. पण त्या माणसानं टोपी काढून मला खरं विचारलं होतं, आणि मी न ऐकलेलं ऐकलं म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि पहिल्या एस्टीनं तालुक्याला गेले. वाटेत माझं मन शंभर वाटांनी पळत होतं. खुलासा पोचला असेल, शेरा मारून झाला असेल. नसेल झाला तर? मे महिन्यात गुरुजी घरीच जातील, मग कुणाला आठवतोय शेरा. माझी नेमणूक चार आठवड्यांवर आलेली. परत जावं, हे कुणाला कळूच देऊ नये, असंही एकदा वाटलं. पण ती धुवट टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेले गुरुजी डोळ्यांपुढून हलेनात.

मुजावर साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग टेबलावरच्या फायलीतून गुरुजींचा खुलासा काढला आणि माझ्यापुढं धरला.

"हे त्यांनी स्वतः कबूल केलंय, बाई."

"माझ्या सांगण्यावरून केलंय. मी त्यांना ऐकलं म्हणून सांगितलं. मी ऐकलं नव्हतं."

साहेबांनी शिपायाला चहा सांगितला. मग समजुतीच्या सुरात म्हणाले की गुरुजींची नोकरी संपत आलीय, तुमची तीस वर्षं राहिलीत. मी वर कळवून बसलोय की ह्या शाळेत चूक सापडली, तेव्हा ती नोंद कुणाच्या तरी नावावर जाणारच. तुमच्या नावावर गेली तर प्रशिक्षकाचं विसरा, निदान काही वर्षं तरी. विचार करून उद्या सांगितलंत तरी चालेल.

"उद्या माझी हिंमत होणार नाही, साहेब," मी म्हटलं. "आत्ताच कागद द्या."

त्यांनी दिला. मी लिहिलं, सगळं लिहिलं, ते एकदोनदाचं खोटंसुद्धा. साहेबांनी वाचलं, गुरुजींच्या खुलाशावर आडवी रेघ मारली, माझ्या अर्जाच्या नकलेवर सही-शिक्का केला आणि नक्कल माझ्या हातात दिली. माझ्या सेवापुस्तकात तांबड्या शाईची ती ओळ आजही आहे. "अध्यापनात उच्चाराबाबत दक्षता नाही व सहशिक्षकास चुकीची माहिती दिली." पुढं प्रशिक्षक मी झालेच, पण सात वर्षं उशिरा.

उतरतीच्या उन्हात मी वाडीत पोचले ती थेट गुरुजींच्या घरी गेले. शाळेच्या मागं दोन खोल्या, पुढं सारवलेली ओसरी. गुरुजी शाळेतून नुकतेच आले होते, टोपी खुंटीला लावून ओसरीवर बसले होते. गुरुजींच्या घरच्या, आमच्या काकी, आत भाकऱ्या थापत होत्या. मी न बसताच ती नक्कल त्यांच्यापुढं धरली. म्हटलं, गुरुजी, तुमच्यावरचा शेरा टळला. चूक माझी होती. हातचा मीच म्हणत होते.

त्यांनी कागद घेतला, पण वाचला नाही. तसाच मांडीवर ठेवला.

"तुम्ही मला ऐकलं होतं ना, बाई?"

"नाही गुरुजी. खोटं बोलले मी. मला खात्री वाटत होती म्हणून बोलले."

"म्हणजे मी म्हटलंच नाही?"

"नाही."

"एकदाही नाही? पोरांना विचारलंत?"

"सव्वीसच्या सव्वीस पोरांना विचारलं. पाट्या बघितल्या. एकदाही नाही, गुरुजी."

गुरुजी उठले, दारापाशी गेले आणि आत बघून म्हणाले, "ऐकलंस का गं? एकदाही नाही म्हटलं मी."  खांद्यावरचा पंचा डोळ्यांना लावून ते दाराला टेकून तसेच उभे राहिले. मांडीवरचा तो कागद घसरून ओसरीवर पडलेला त्यांच्या ध्यानातही आला नाही.

काकी उलथनं हातात घेऊनच बाहेर आल्या. बाई मोठी शांत, मला कधी टाकून बोलल्या नव्हत्या, त्या दिवशीही बोलल्या नाहीत. नुसतं सांगितलं. जूनपासून हे रोज सकाळी मी भाकऱ्या करत असताना चुलीसमोर बसायचे, पाटीवर पाच वजाबाक्या मोठ्यानं म्हणत सोडवायचे. हातचा तोंडात आला की मी उलथनं तव्यावर वाजवायचं, म्हणजे ह्यांना कळायचं. आषाढात तवा नुसता वाजत असायचा. दिवाळीनंतर एकदाही वाजवावा लागला नाही. मी ह्यांना सांगत होते, तुम्ही नाही म्हणत आता, सुटलंय ते. पण बाई, तुम्ही ऐकलं म्हणालात ना. तर हे म्हणाले, तुला काय कळतंय, बाई शिकलेल्या आहेत, त्या खोटं कशाला बोलतील.

मला वर बघवेना. मी म्हटलं, गुरुजी, मला माफ करा म्हणायलाही माझं तोंड नाही.

गुरुजींनी डोळे पुसले, पंचा झटकून खांद्यावर टाकला. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, नंतरही कधी म्हणाले नाहीत. आत जाऊन कोनाड्यातली पाटी आणि पेन्सिल घेऊन आले आणि माझ्यापुढं ठेवली.

"बसा," ते म्हणाले. "त्रेसष्टातून अठ्ठावीस. मोठ्यानं म्हणत."

मी ओसरीवर मांडी घालून बसले. काकी आत जाऊन चुलीपाशी बसल्या. मी सहा खोडून पाच केले, दशक मोकळा केला म्हटलं, तेरातून आठ गेले पाच म्हटलं, पाच मांडले, आणि जीभ घसरली हे मला कळायच्या आत आतून तव्यावर उलथनं वाजलं.

"पुन्हा," गुरुजी म्हणाले.